चार तोळे चुना

या घरात अक्कल काय ती मला एकटीला, असं लग्न होऊन आल्यापासून मी धरून चालले होते. अजूनही धरते, पण आता त्यात पूर्वीसारखी मजा राहिली नाही.

घरात माणसं तरी कोण, बघा. यजमान सेतुराम. दिवसभर पानमळ्यात वाकलेले, संध्याकाळी ओट्यावर आडवे. विचारल्याशिवाय एक शब्द नाही, विचारलं तर अर्धा. मुलगा सुंदरेश, बाविशीचा, बापासारखाच, मिशी तेवढी जास्त. सून अलमेलू, तिरुनीलक्कुडीची, लग्नाला वर्ष होत आलेलं. तिला वडील नाहीत, भाऊ लग्नकार्यात स्वयंपाक करत हिंडणारा, त्यामुळे ती हळू बोलायची आणि मी जोरात.

शिवाय भावजी, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ एकोजी. राहायला कुंभकोणात. यांचे पणजोबा तंजावरच्या राजाच्या पागेत होते. पागेत काय करत होते ते भावजी सांगत नाहीत. मला विचाराल तर शेण काढत असणार. फेटा बांधल्याशिवाय भावजी घराबाहेर पडत नाहीत आणि चिखलात पाय घालत नाहीत. मळा दोघा भावांच्या नावावर, म्हणून दर शुक्रवारी गाडीने आमच्या सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनावर उतरायचे, बांधावर उभे राहून काठीने वेल दाखवायचे, आणि चार कवळ्या, म्हणजे चारशे निवडक पानं, ओल्या पंच्यात बांधून न्यायचे. घामाचा थेंब नाही, पण पान मात्र कोवळं पाहिजे!

आमच्या भागातलं पान तोंडात विरघळतं आणि शेवटी जिभेच्या टोकाला चटका देतं. चटका नसेल ते पान गुरांपुढे टाकावं. मोठं वादळ झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या पानाचा चटका गेला. वादळात हादग्याची झाडं मोडली होती, ती पुन्हा लावली, वेल पुन्हा चढवले, लव्हाळ्याने बांधले. पण कावेरीची रेती मळ्यात येऊन बसली होती. पान येई ते लहान, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. बाजारातल्या व्यापाऱ्याने एक पान दुमडून तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि यजमानांच्या पायाशी थुंकला.

"हे गवत तुझ्याकडेच ठेव, सेतुरामा," म्हणाला.

यजमान पाटी उचलून घरी आले. कोणी थुंकलं तरी पाटी उचलून घरी येणारा माणूस, काय बोलायचं! त्या दिवशी जेवले नाहीत एवढंच.

चैत्रात शेतकी खात्याचा एक माणूस गावात आला. चंद्रमौली नाव, चष्मा, हातात वही, आणि बूट. बूट घालून थेट मळ्यात! आमच्याकडे पानमळ्याला देवघरासारखं मानतात. पायात काही घालून जायचं नाही, आणि दूर बसलेल्या बाईने तर बांधालासुद्धा शिवायचं नाही.

"सार, बूट!" मी ओरडले. "तुमच्या आईच्या देवघरात असेच जाता काय?"

त्याने बिचाऱ्याने बूट काढले आणि एका पायावर लंगडत ते बांधावर ठेवून आला. मग पानं उलटी करून बघितली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि म्हणाला, "अम्मा, वेलीला जस्त कमी पडलंय. रेतीतून मिळत नाही. पानावरून पाजायचं."

"पानाला तोंड असतं काय?"

"पानाच्या पाठीला बारीक भोकं असतात. त्यातून आत जातं. जस्त नसलं तर हिरवेपणा येत नाही, आणि पानातलं तेल तयार होत नाही. तुम्ही तिखट म्हणता ना, ते तेल."

तीस वर्षं पानं खुडली, एकाने तोंड उघडलेलं बघितलं नाही. पण यजमान मात्र खाली बसून, देवाचं नाव ऐकावं तसे ऐकत होते. चंद्रमौलीने पाटाच्या कडेची एक रांग स्वतः पितळी पिचकारीने भिजवली, पानाच्या पाठीकडून, सकाळच्या उन्हात. पंधरा दिवस तो गावातच मुक्कामाला होता, मग त्या रांगेतली वीस पानं आणि दुसऱ्या रांगेतली वीस, अशी वेगवेगळ्या फडक्यात बांधून घेतली. कचेरीत तेल काढून मोजणार म्हणाला. जस्ताच्या खाराची पुडकी आमच्याकडे ठेवली. जाताना सांगितलं, मलाच सांगितलं, कारण तोलकाटा माझ्याकडे असतो.

"एका रॉकेलच्या डब्याएवढ्या पाण्यात आठ तोळे खार, चार तोळे चुना. चुना विसरू नका."

चुना काय असतो ते हा मला सांगणार! बत्तीस वर्षं विडा लावते आहे मी. नखाएवढा चुना जास्त झाला तर गालाची साल निघते. लग्नात वऱ्हाडी विडा खाऊन रडतात ते मुलीसाठी नव्हे, चुन्यासाठी. आणि हा म्हणतो चार तोळे, कोवळ्या पानावर! पुस्तकात वाचून आलेला माणूस. त्याच्या घरी विडा त्याची आई लावत असणार.

सोमवारी फवारायचं ठरलं. मी डब्यापाशी बसले. आठ तोळे खार तोलून टाकला, तो दिसायला साखरेसारखा, त्याचं मला काही वाटलं नाही. मग चार तोळे चुना तोलला. हातात घेतला. तोळाभर डब्यात टाकला आणि उरलेला मडक्यात परत घातला. दर डब्याला असंच केलं. अलमेलू कालव्यावरून घागरी आणून बांधावर ठेवत होती. एकदा माझ्यामागे जरा जास्त वेळ उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, "बघतेस काय? पाणी आण." ती गेली.

बापलेकांनी संध्याकाळपर्यंत अकरा रांगा भिजवल्या. पिचकारी मारून सुंदरेशच्या अंगठ्याला फोड आले. मंगळवारी सकाळी अलमेलू दूर बसली, मागच्या पडवीत.

गुरुवारी मळ्यात गेले. पेज उकळती ओतावी तशी पानं भाजली होती. कडा तपकिरी, मध्ये ठिपके, आणि ठिपक्यांच्या जागी बोट लावलं की भोक. अकराच्या अकरा रांगा. फक्त कडेची, चंद्रमौलीने भिजवलेली रांग हिरवी उभी होती. यजमान एकेक वेल धरून पुढे जात होते. सुंदरेश मळ्यात मध्येच बसून रडत होता, मिशीसकट.

शुक्रवारी भावजी आले. बांधावरून बघून त्यांनी आधी फेटा नीट केला.

"मळ्यात कोण शिरलं होतं?" त्यांनी विचारलं.

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. चुना मी तोलला होता हे त्यांना माहीत होतं, किती ते माहीत नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अलमेलू मंगळवारी दूर बसली. सोमवारी संध्याकाळी पाणी तिनेच आणलं."

एवढंच म्हणाले मी. पुढचं मी काही म्हणाले नाही. पुढचं भावजींनी केलं. सोमवारी संध्याकाळीच विटाळ झाला असणार, पोरीने लपवलं असणार, घागर शिवली, पाणी शिवलं, पानं जळली. बोटं मोडत त्यांनी सगळं असं जुळवलं की पागेतल्या घोड्यानेही मान हलवली असती.

"मग कडेची रांग कशी राहिली?" यजमानांनी विचारलं. वर्षात एकदा ते पूर्ण वाक्य बोलतात, ते हे.

"तिथे तिचं पाणी पोचलं नाही," भावजी म्हणाले. "उघड आहे."

निकाल झाला. पोरीला माहेरी पाठवायचं. मळा सुधारला तर पुढचं बघू. पुढचं बघू म्हणजे काय, ते आमच्या भागात कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. आजूबाजूच्या पाच मळेवाल्यांना भावजी गाडीला जाता जाता स्वतः सांगून गेले. अलमेलू पडवीतून ऐकत होती. सुंदरेश तिच्या बाजूला गेला नाही. विटाळाच्या भीतीने की बापाच्या, कोण जाणे. माझ्या पोटचा पोर, पण त्या दिवशी मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटायला मला आणखी थोडे दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात चंद्रमौली आला. या वेळी बूट रस्त्यावरच काढून. जळकी पानं बघून त्याचा चेहरा पडला. कोपऱ्यातल्या डब्यात उरलेलं पाणी होतं, त्यात त्याने निळ्या कागदाची एक पट्टी बुडवली. पट्टी तांबडी झाली.

"चुना किती घातला?"

यजमान माझ्याकडे बघत होते. अलमेलू मागच्या दारात उभी होती, न्हाऊन, ओले केस सोडून.

"चार तोळे," मी म्हणाले.

"अम्मा, चार तोळे घातले असते तर पट्टी निळी राहिली असती. नुसता खार आंबट असतो, तो पान भाजतो. चुना त्याला शांत करतो. माणसाच्या तोंडात चुना भाजतो, इथे उलट आहे."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

यजमानांनी त्याच्या हातातली पट्टी घेतली, चुरगाळून टाकली, आणि त्याला बाहेरची वाट दाखवली. आयुष्यात त्यांनी घराबाहेर काढलेला हा एकच माणूस, आणि तो खरं बोलणारा. जाताना चंद्रमौलीने खाराचं आणखी एक पुडकं ओट्यावर ठेवलं. त्यालाही अभिमान म्हणून नव्हताच.

त्यानंतर चार दिवस मी जेवले, झोपले, भांडले, सगळं केलं. अलमेलू तिची पेटी भरत होती. दोन लुगडी, एक आरसा, तिच्या आईने दिलेलं कुंकवाचं डबडं. भरून झालं की पुन्हा काढायची, झटकायची, पुन्हा घड्या घालायची. तिने एकदा तरी आरडाओरडा केला असता तर मला भांडता आलं असतं. पण पोरगी मला "आत्याबाई, ताक देऊ?" विचारायची, आणि मी पेला तसाच बाजूला ठेवायचे.

शुक्रवारी सकाळी भावजी तिला गाडीत बसवायला आले, जरीचा फेटा घालून, जणू वरात होती. पेटी उंबऱ्याबाहेर गेली तेव्हा मी बोलले.

"मी तोळाच घातला होता चुना. भाजेल म्हणून. उरलेला मडक्यात परत टाकला. पोरीने काही केलेलं नाही."

भावजी हसले. "बाईमाणसाचं काळीज. सुनेची लाज झाकायला आळ अंगावर घेतेस, वत्सला. चांगलं आहे. पण घराण्याचे नियम असे काळजाने चालत नाहीत."

"अहो, तुम्ही तरी बोला!" मी यजमानांना म्हटलं.

त्यांना पटलं होतं. त्यांचं तोंड मी ओळखते. पण पाच मळ्यांत सांगून झालं होतं. सुनेला विटाळ झाला तर लोक चुकचुकतात. बायकोने शहाणपणा करून मळा जाळला तर लोक हसतात, आणि जन्मभर हसतात. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "गाडीची वेळ झाली."

अलमेलू माझ्या पाया पडली. उठताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मी बघितलं होतं, आत्याबाई. त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोणी ऐकलं असतं? तुमचं तरी ऐकलं काय?" तिने पदर सावरला. "मी म्हटलं, बघू तरी, किती दिवस लागतात तुम्हाला. रोज वाट बघत होते. आता बोलावणं पाठवू नका. मला तुमची किळस येते."

शेजारणीने मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली. मग सुंदरेशने पेटी उचलली आणि तिच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून स्टेशनाकडे गेला.

नवी फूट यायला तीन आठवडे गेले. ती पुन्हा पिवळीच निघाली. एका सकाळी मी काही न बोलता डबा मांडला, पुडकं फोडलं. यजमान समोर येऊन बसले.

"चार तोळे?" त्यांनी विचारलं.

"चार तोळे."

ते उठले आणि पिचकारी घेऊन आले. अकरा रांगा आम्ही दोघांनी दोन दिवसांत संपवल्या. पाण्याच्या घागरी मी वाहिल्या, आणि दर घागरीला कंबर धरून ती पोर महिनोन् महिने काय करत होती ते कळलं. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारलं. कावेरीला नवं पाणी आलं तोवर मळा काळसर हिरवा झाला होता. पान जाड, रुंद, तुकतुकीत. एक खुडून तोंडात टाकलं. सुरुवातीला गोड, मग जिभेच्या टोकावर असा चटका की डोळ्यांत पाणी आलं. त्याच सुमाराला चंद्रमौलीचं पोस्टकार्ड आलं. त्याच्या रांगेतल्या पानात तेल दीडपट निघालं होतं. शेवटी लिहिलं होतं, अम्मांना नमस्कार. त्या नमस्काराची मला लाज वाटली.

थुंकलेल्या व्यापाऱ्याने पाटीच्या पाटी घेतल्या. आणि भावजी बांधावर उभे राहून पाच मळेवाल्यांना सांगत होते, "बघा! पोरगी गेली आणि मळा हिरवा झाला. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच होते. मी तोललं, मी वाहिलं, मी फवारलं, आणि तो सगळा हिरवेपणा त्या पोरीवर आळ घेत होता. मी मळा जितका सुधारावा तितकी ती दोषी ठरत होती. असली लबाडी देवालाही सुचली नसती, ती माझ्या हातून झाली होती.

पुढच्या शुक्रवारी भावजी आले तेव्हा मी मळ्याच्या तोंडाशी डबा मांडून बसले होते. पाच मळेवाल्यांना सकाळीच बोलावणं पाठवलं होतं. पान उतरवायची काहीतरी नवी युक्ती दाखवणार म्हणून सांगितलं, म्हणून आले. खरं सांगितलं असतं तर एक आला नसता.

"हा आठ तोळे खार," मी तोलून दाखवला. "आणि हा चुना. एक तोळा. चैत्रात मी एवढाच घातला होता."

"वत्सले," यजमान म्हणाले. "पानं उद्या बाजारात जायची आहेत."

"जाणार नाहीत."

पिचकारी मी स्वतः मारली. पुढच्या तीन रांगा, सगळ्यांत चांगल्या. खांदा निखळायला आला. यजमान एकदा पुढे झाले, हात धरायला असं मला वाटलं, पण त्यांनी माझ्या हातातली पिचकारी घेतली आणि तिसरी रांग त्यांनी मारली. बत्तीस वर्षांत मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं ते तेव्हा. भावजी बांधावरून "वेड लागलं, वेड लागलं" म्हणत होते.

"सोमवारी सगळे पुन्हा या," मी म्हणाले. "भावजी, तुम्हीही. फेट्याशिवाय आलात तरी चालेल."

सोमवारी तीन रांगा जळलेल्या होत्या. तेच तपकिरी काठ, तेच ठिपके, तीच भोकं. बाजूच्या आठ रांगा हिरव्यागार. मळेवाले पानं उलटीसुलटी करून बघत होते, एकमेकांच्या हातात देत होते. शेवटी सगळे भावजींकडे बघायला लागले.

भावजींनी घसा खाकरला. "पिचकारी बाईने मारली," ते म्हणाले. "बाईचा हात लागला. विटाळ तो विटाळच."

"भावजी," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझं दूर बसणं बंद होऊन चार वर्षं झाली. तिसरी रांग तर तुमच्या भावाने मारली. त्यांना कधीपासून येतोय विटाळ?"

एक मळेवाला खोकला, म्हणजे हसला. मग दुसरा. भावजींचा चेहरा उतरला, आणि ते गाडीची वेळ व्हायला दोन तास असताना स्टेशनाकडे निघाले. कवळ्या न घेता.

त्याच दुपारी मी तिरुनीलक्कुडीला गेले. सुंदरेशला घेतलं नाही. दहा पावलं मागून चालणारा माणूस मला नको होता. अलमेलू भावाच्या दारात मोठं पातेलं घासत होती, कोपरापर्यंत राख. मी ओट्याखाली उभी राहून सगळं सांगितलं. पाच मळ्यांत सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, आता तुझं नाव कोणी घेणार नाही, म्हटलं.

तिने हात थांबवला नाही.

"किती रांगा जाळल्या?"

"तीन. सगळ्यांत चांगल्या."

"आणि आठ राखल्या," ती म्हणाली. तिने पातेलं पालथं घातलं, त्यावर पाणी ओतलं, आणि ते वाहून माझ्या पायाशी आलं. "वर येऊन बसा, आत्याबाई. उन्हातून आलात. ताक देते. पण मी यायची नाही."